चौथा कोर

“चौथ्याला हात लावू नको,” रेवण म्हणाला. “बाकी तुला काय पाहिजे ते कर.”

गुरुवार होता, सकाळचे साडेअकरा. दीडच्या बसनं तो उदगीरला जाणार होता, मुलगी बघायला. आणि दुपारी तीनला एका रुग्णालयाचे डॉक्टर आमचं यंत्र बघायला येणार होते. त्या यंत्राच्या स्क्रीनवरच्या रेघा मात्र सकाळपासून अडखळत होत्या.

ही २०१० सालची गोष्ट. पुण्यात पौड रस्त्याला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची पंधरा जणांची कंपनी होती. अतिदक्षता विभागासाठी आम्ही मध्यवर्ती मॉनिटर बनवत होतो. आठ खाटांवरच्या आठ रुग्णांची नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, सगळं सिस्टरांच्या टेबलापाशी एका मोठ्या स्क्रीनवर दिसायचं आणि कुणाचं काही बिघडलं की तिथं अलार्म वाजायचा. स्क्रीनवर जे दिसतं ते सगळं मी लिहिलेलं. मी म्हणजे उन्मेष केतकर. जे दिसत नाही ते रेवणसिद्ध बिराजदारचं.

न दिसणारं म्हणजे काय, ते सांगायला हवं. संगणकात एकाच वेळी पंचवीस-तीस कामं चालू असतात. त्यातलं कुठलं कधी चालायचं आणि कुठं चालायचं, हे ठरवणारा भाग रेवणकडे होता. आमच्या संगणकाला चार कोर होते, म्हणजे खरोखर काम करणारे चार प्रोसेसर. एरवी जो मोकळा असेल त्याच्याकडे पुढचं काम जातं. रेवणनं तसं ठेवलं नव्हतं. प्रत्येक कामापुढे त्यानं एक आकडा लिहिला होता, त्याला आम्ही मास्क म्हणायचो. कुठलं काम कुठल्या कोरवर जाऊ शकतं ते त्या आकड्यावरून ठरायचं. रेघा काढणं, डिस्कवर नोंदी करणं, डॉक्टरांच्या केबिनमधल्या संगणकांना माहिती पाठवणं, या सगळ्यांपुढे सात होता. कोरांचे आकडे एक, दोन, चार आणि आठ; सात म्हणजे पहिल्या तिघांची बेरीज, म्हणून पहिले तीन कोर. अलार्मपुढे आठ होता. आठ म्हणजे फक्त चौथा. चौथ्यावर अलार्मशिवाय दुसरं काहीच येत नसे.

“अरे पण तो चौथा दिवसभर नुसता बसून असतो,” मी म्हणालो.

“बसू दे की. त्याचं कामच बसायचं आहे.”

“आणि इकडे रेघा उड्या मारतायत. तीन तासांत लोक येतील रे.”

“तुझं रेघांचं गणितच जड झालंय, ते हलकं कर. जागा वाढवून काय होणार आहे? सोमवारी मी आलो की दोघं बसू.” मग तो थोडा ओशाळून हसला. “आज माझं डोकं ठिकाणावर नाही बघ.”

तेवढ्यात सबनीस सर आले. कंपनी त्यांची. साठीचे, कडक, पण रेवणवर त्यांचा जीव होता. त्यांनी रेवणकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“बिराजदार, हा असा जाणार मुलगी बघायला? आरशात बघितलंयस का? आधी खाली जा, दाढी कर. केस काप.”

“सर, डेमो...”

“उन्मेष आहे ना. जा म्हणतो ना मी.”

रेवण खाली सलूनमध्ये गेला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बरोबर बारा वाजले होते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आम्ही दोघं त्याच्याच मशीनवर बसलो होतो. नवा बिल्ड, म्हणजे यंत्रात घालायची तयार प्रत, तिथंच होत असे. मशीन उघडंच होतं. मी दहा-पंधरा मिनिटं रेघांचं गणित हलकं करायचा प्रयत्न केला. ते काही तासाभराचं काम नव्हतं. मग मी रेवणची फाइल उघडली आणि तीन ठिकाणी सातचे पंधरा केले. पंधरा म्हणजे चारही कोर. बदलाच्या नोंदीत कारण लिहायची जागा रिकामी सोडली. नाव आपोआप पडलं: बिराजदार, बारा वाजून बावीस मिनिटं.

बिल्ड चढवला आणि रेघा तेलाच्या धारेसारख्या वाहायला लागल्या.

रेवण पावणेएकला वर आला. गालावर कापल्याचा एक बारीक लाल ठिपका, सगळ्या अंगाला तुरटीचा वास. सगळे त्याच्याभोवती जमले, टवाळी सुरू झाली. मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण त्याला घरून फोन आला आणि फोनवर बोलत बोलतच बॅग उचलून तो जिना उतरला.

डेमो छान झाला. चार खाटांचं सोंग आम्ही उभं केलं होतं, त्यातला एक खोटा रुग्ण मुद्दाम बिघडवला तर अलार्म लगेच वाजला. डॉक्टर खूश झाले. सबनीस सरांनी तोच बिल्ड तिथल्या तिथं मोहोरबंद केला. “हाच बसवायचा,” म्हणाले. “आता यात काडीचा बदल नको.”

सोमवारी रेवण पेढे घेऊन आला. मुलीचं नाव महानंदा. ठरलं होतं.

“तिनं मला काय विचारलं माहितेय?” तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला. “म्हणे, तुम्ही करता ते काम दिसतं का कुठं? मी म्हटलं, नाही दिसत. दिसलं तर समजायचं, बिघडलंय.”

“मग?”

“हसली.” मग त्याला आठवलं. “अरे हां, रेघा कशा जमल्या शेवटी?”

“गणित हलकं केलं. तू म्हणालास तसं.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” तो म्हणाला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेला.

त्या आठवड्यात मी रेघांचं गणित खरोखरच हलकं करून ठेवलं. सातचा आकडा परत टाकायचा तेवढा राहिला होता. पण मोहोर फोडायची म्हणजे सरांना कारण सांगायला लागणार आणि आठ खाटांची चार दिवसांची चाचणी पहिल्यापासून करायला लागणार. पुढच्या प्रतीत टाकू, असं मी ठरवलं. तीन आठवड्यांनी यंत्र रुग्णालयात बसलं.

त्यानंतर नवव्या दिवशी, बुधवारी, सरांना फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि रेवण तिकडे निघालो.

सिस्टर नलिनी पाटोळे चाळिशीच्या होत्या. आवाज न चढवता बोलत होत्या आणि त्यामुळेच ऐकवत नव्हतं.

“काल चारची वेळ. भेटायला येणाऱ्यांची. आठच्या आठ खाटा भरलेल्या. दोन्ही डॉक्टर आपापल्या केबिनमध्ये स्क्रीन उघडून बसलेले. मी टेबलाशी होते, नातेवाइकांशी बोलत. सहा नंबरच्या आजींना पाणी हवं होतं का, म्हणून सहज आत गेले. तर डोळे पांढरे केलेले. हाताला नाडी नाही. खाटेशेजारचं छोटं यंत्र टिकटिकत होतं, पण दार लावलेलं, बाहेर काय ऐकू येणार? मी छाती दाबायला सुरुवात केली, ओरडले, पोरी धावत आल्या.” त्यांनी आमच्या मोठ्या स्क्रीनकडे बोट केलं. “मग हा वाजला. मी छाती दाबत होते तेव्हा.”

“किती वेळानं?” रेवणनं विचारलं.

“ते तुमच्या यंत्रातच लिहिलेलं असेल की. तुम्हीच बघा.”

आम्ही पाहिलं. एक्केचाळीस सेकंद.

सिस्टरांचं बोलणं संपायच्या आधीच मला कळलं होतं. आठ खाटा, दोन केबिन. चाचणीत केबिनचे संगणक आम्ही जोडलेच नव्हते. रेघा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून त्या कामांना मी सुरुवातीपासूनच वरची प्रायॉरिटी दिलेली होती. अलार्मला ती कुणी दिली नव्हती. ज्याला स्वतःची स्वतंत्र जागा आहे त्याला कशाला लागते? पहिले तीन कोर भरले तशी माझी कामं चौथ्यावर आली आणि अलार्म मागे थांबून राहिला. त्याला दुसरीकडे जाताही येत नव्हतं. त्याच्यापुढे अजून आठच होता.

“आजी कशा आहेत?” रेवणनं विचारलं.

“वाचल्या. भेटायचंय?”

मला नको होतं. रेवण आत गेला, म्हणून मीही गेलो. शेवंताबाई कासार नावाच्या त्या बाई गावोगाव बांगड्या भरत फिरायच्या. रेवणनं वाकून नमस्कार केला तर त्यांनी त्याचा हात धरला, सवयीनं बोटांची हाडं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, “मऊ हाय. अडीच नंबर बसंल.” सिस्टर हसल्या. रेवणच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

परतीच्या गाडीत खंबाटकी घाट लागला. रेवण म्हणाला, “असं होऊच शकत नाही. चौथ्यावर कुणी येऊच शकत नाही. मी आठ महिने त्याला कुणाला शिवू दिलेलं नाही.”

मी समोरच्या ट्रकच्या मागं काय लिहिलंय ते वाचत होतो.

“उन्मेष, तुला काय वाटतं?”

“जाऊन बघू,” मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी सरांनी आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर बदलांच्या नोंदींचा छापील कागद होता. एका ओळीखाली तांबडी रेघ मारलेली होती. त्यांनी कागद रेवणकडे सरकवला.

“सातचे पंधरा झालेत. तीन ठिकाणी. नाव तुझं आहे.”

रेवणनं ओळ वाचली. पुन्हा वाचली. “मी नाही केलं, सर.”

“मशीन तुझं. लॉगिन तुझं. ज्या दिवशी तू मुलगी बघायला गेलास, तो दिवस. बारा बावीस.”

“बारा बावीस...” तो आठवायला लागला. त्याचे ओठ हलत होते. “सर, तेव्हा मी खाली होतो. सलूनमध्ये.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे... तुम्ही पाठवलंत ना मला. बारा वाजले होते.”

“मी पाठवलं, हे खरं. पण किती वाजता ते मी कुठे बघितलं?” सर माझ्याकडे वळले. “उन्मेष, तू होतास. हा किती वाजता गेला खाली?”

इथं मला थांबायला पाहिजे. उत्तर द्यायच्या आधी तीन-चार सेकंद गेले असतील. जर्मनीतल्या एका कंपनीबरोबर आमची बोलणी चालू होती आणि तिकडे वर्षभरासाठी मला पाठवायचं सर म्हणत होते, हे मनात आलं. शेवंताबाईही आल्या. रेवण माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. मी बारा म्हणणार याची त्याला खात्री होती.

“साडेबारा झाले असतील,” मी म्हणालो.

“साडेबारा?” रेवण म्हणाला.

“साडेबाराच्या आसपास. तू आधी काहीतरी टाइप करत होतास. मी चहा आणायला गेलो होतो, त्यामुळे काय ते मला दिसलं नाही.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता तो उठेल, माझी कॉलर धरेल. त्याची मी वाटही बघत होतो बहुतेक. पण त्याचं तोंड हळूहळू बदलत गेलं. आपण एखादी वस्तू नक्की इथंच ठेवली होती आणि ती तिथं नाही, असं झाल्यावर माणूस जसा बघतो, तसा तो बघत होता.

“मला अजिबात आठवत नाही रे,” तो म्हणाला.

“घाईत होतास,” सर म्हणाले. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता. “डोक्यात दुसरंच होतं. होतं असं माणसाकडून.”

“पण सर, इतकं? मी ते बदलीन आणि मला आठवणार पण नाही?”

सरांनी कागद परत स्वतःकडे ओढला.

“मग मीच केलं असणार,” रेवण म्हणाला.

सरांनी त्याला काढलं नाही. उलट, महिनाभर रजा घे, लग्न कर, मग ये, म्हणाले. त्यानंच राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत तो माझ्या शेजारी बसून मला सगळं समजावत होता. कुठल्या कामापुढे कुठला आकडा आणि का. एकेक ओळ. मध्येच थांबून विचारायचा, “हे मी मघाशी सांगितलं का तुला?” सांगितलेलं नसायचं. मी “नाही” म्हणायचो. त्याला ते दर वेळी खरं वाटत नसे.

निघताना त्यानं माझा हात हातात घेतला. “तू आहेस म्हणून काळजी नाही,” म्हणाला.

त्याच संध्याकाळी मी पंधराचे सात केले. अलार्मला सगळ्यात वरची प्रायॉरिटी दिली. ते यंत्र पुढे पुष्कळ चाललं. मी जर्मनीला जाऊन आलो. सर गेले, कंपनी मोठी झाली, दुसऱ्यांच्या हातात गेली, मी तिथंच वर चढत राहिलो. रेवणच्या लग्नाची पत्रिका आली होती. मी गेलो नाही.

नव्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आल्यावर दर वर्षी मी त्यांना ही गोष्ट सांगायला लागलो. यंत्र, आठ खाटा, सात आणि पंधरा, एक्केचाळीस सेकंद. ‘माझ्या एका सहकाऱ्याकडून घाईत झालेली चूक’ म्हणून सांगायचो. पोरं गंभीर व्हायची. गोष्ट चांगली होती आणि मी ती चांगली सांगत असे.

गेल्या वर्षी जुईली नावाची एक मुलगी होती. मी बोलायचा थांबल्यावर तिनं हात वर केला.

“सर, एक कळलं नाही. त्या सरांनी आठ महिने तो कोर राखून ठेवला होता. का ठेवलाय, हे त्यांनाच सगळ्यांत जास्त माहीत होतं. मग नेमकं तेच ते कशाला बदलतील?”

“घाई,” मी म्हणालो.

“घाईत माणूस सवयीचं करतो ना, सर? उलटं कसं करेल?”

तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी चहाची सुट्टी जाहीर केली आणि बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो. परत आत गेलो नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मी उदगीरला गेलो. जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाकडून पत्ता मिळाला होता. कॉलेजच्या रस्त्याला ‘बिराजदार झेरॉक्स व बाइंडिंग’. खाली दुकान, वर घर. दुपारची वेळ होती. रेवणनं मला लांबूनच ओळखलं. केस पिकले होते, बाकी तोच. तो इतका हरखला की गिऱ्हाईक तसंच सोडून बाहेर आला आणि त्यानं मला मिठी मारली.

“महानंदा, अगं बघ कोण आलंय! पुण्याचा उन्मेष!”

वर आम्ही जेवलो. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, पातळ पिठलं. मुलगी लातूरला शिकत होती. रेवण कंपनीतल्या एकेकाची चौकशी करत होता. सबनीस सर गेल्याचं त्याला मी सांगितलं तेव्हा त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली एक वही काढली आणि त्यात लिहिलं. मग मला दिसलं की तशा वह्या सगळीकडे होत्या. गॅसपाशी एक, दारापाशी एक. टीव्हीवर एकावर एक रचलेल्या दहा-बारा.

“हे काय?” मी विचारलं.

“सवय लागलीय,” तो हसून म्हणाला. “लिहून ठेवलेलं बरं असतं.” खालून दुकानातल्या पोऱ्यानं हाक मारली. दारापाशी थांबून त्यानं तिथल्या वहीत काहीतरी खरडलं आणि मग जिना उतरला.

महानंदाताई ताटं उचलत होत्या. “खाली जातोय म्हणून लिहिलं असेल,” त्या म्हणाल्या. “लग्न झालं तवापासून असंच हाय. गॅस बंद केला की लिहिणार. कुलूप लावलं की लिहिणार. कुणाला काय बोलले, ते पण. म्हणतात, माझ्या हातून मला न कळता एकदा फार मोठं काम झालंय, परत व्हायला नको. तुम्हाला म्हाईत असेल की ते. तुम्ही सोबत होता म्हणं.”

“हो,” मी म्हणालो.

“लातूरला डोक्याच्या डॉक्टरला दाखवलं. हैदराबादला फोटो काढले मेंदूचे. कायच नाही निघालं. डॉक्टर म्हणाले, यांची आठवण आमच्यापेक्षा चांगली हाय. पटतच नाही त्यांना. संगणकाला तर हात लावत नाहीत. दुकानात किती जण म्हणले ठेवा, ठेवा. नाही म्हणजे नाही. पोरगी लहान असताना तिला एकट्यानं कधी आंघोळ घातली नाही यांनी. मी घरी पाहिजेच. पाणी किती गरम घेतलंय ते विसरलो तर, म्हणायचे.”

मी येताना बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही उरलं नाही.

रेवण वर आला आणि माझ्या समोर चटईवर बसला. महानंदाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

“रेवण,” मी म्हणालो, “ते पंधरा मी केले होते.”

“काय?”

“सातचे पंधरा. तुझ्या मशीनवरून. तू खाली सलूनमध्ये होतास तेव्हा. रेघा अडखळत होत्या म्हणून. नंतर सरांच्या खोलीत मी खोटं बोललो. तू काही टाइप करत नव्हतास. मी चहा आणायला गेलो नव्हतो.”

खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज वर येत होता. तो रागावेल, हाकलून देईल, रडेल, या सगळ्याची मी तयारी करून आलो होतो.

“मी किती वाजता गेलो होतो खाली?” त्यानं विचारलं.

“बाराला.”

“बाराला?”

“बरोबर बारा. मी घड्याळ बघितलं होतं.”

“मला बाराच आठवत होतं,” तो म्हणाला. हळूच, स्वतःशीच. मग त्याचा चेहरा उजळत गेला. तो बायकोकडे वळला. “महानंदा, ऐकलंस का? मला बाराच आठवत होतं! बरोबर आठवत होतं मला!”

त्याच्या आवाजात माझ्याबद्दल काहीच नव्हतं. मी तिथं बसलोय हे तो विसरून गेला होता. त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मला श्वास घेता आला असता.

महानंदाताई मात्र त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“किती वर्षं झाली?” त्यांनी विचारलं.

“चौदा.”

रेवण उठला होता. टीव्हीवरची सगळ्यात वरची वही त्यानं काढली, पेन शोधलं, पान उलटलं. “थांब थांब. आज तारीख काय? उन्मेष, परत एकदा सांग बरं. पहिल्यापासून. बाराला मी खाली गेलो...”

महानंदाताईंनी पुढे येऊन त्याच्या हातातली वही काढून घेतली आणि मिटली.

“लिहू नका,” त्या म्हणाल्या. “हे माझ्या लक्षात राहील.”